वाड्याचा चौक आणि माळवदाचे ओझे

लातूर-नांदेडकडील जुन्या वाड्याचा नकाशा काढायचा तर तो चौकापासून सुरू करावा लागतो. मधे उघडा चौक, भोवती ओसऱ्या, त्यांमागे खोल्या आणि रस्त्याच्या बाजूला आल्यागेल्यासाठी ढाळज. जागा मोजायची ती खणांत. दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण. भाऊ वेगळे झाले की खण वाटले जात, चुली वेगळ्या होत, चौक मात्र सामाईक राही. तीन-चार पिढ्यांना एकत्र नांदता यावे अशी ही सोय होती. (नांदणे म्हणजे न भांडणे नव्हे, हे वाड्यात वाढलेल्यांना सांगायला नको.)

चौकाभोवतीच्या खोल्यांवर माळवद असे. लाकडी तुळयांवर फळ्या आणि फळ्यांवर मातीचा जाड थर. दिवसाच्या उष्णतेची लाट कोरड्या मातीत वीतभर खोलीवरच बरीचशी विरते. दोन वितींनंतर तिचा फारसा मागमूस उरत नाही. मग अनेक माळवदे दोन फूट किंवा त्याहूनही जाड का झाली? कारण गळती. पावसाळ्यापूर्वी वर नवी माती घालायची, जुनी काढायची नाही. पिढ्यांबरोबर छतही वाढत गेले. हे गणित वर्गात जरूर करून पाहावे : खोली ३ मीटर × ४ मीटर, थर ६० सेंटिमीटर, मातीची घनता घनमीटरला सुमारे १.६ टन. उत्तर साडेअकरा टन येते. एवढे वजन झोपलेल्या माणसांच्या डोक्यावर!

भिंतींचे दुखणे वेगळे. काळा दगड मुबलक, म्हणून भिंती दोन-तीन फूट रुंद. पण बाहेरचा आणि आतला असे दगडांचे दोन पदर, मधे गोटे व चिखल, आणि दोन्ही पदरांना जखडणारे आरपार दगड बहुधा नाहीत. दिसायला एक जाड भिंत, वागायला दोन सुट्या पातळ भिंती.

३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीची रात्र सरताना, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसर हादरला. भूकंपाची तीव्रता सुमारे ६.२, म्हणजे जगाच्या मानाने मध्यम. तरी आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. तेव्हाच्या भूकंप-नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. २००२ साली तो विभागच रद्द होऊन लातूर तिसऱ्या विभागात आले.

ढिगाऱ्यांत एक गोष्ट अभ्यासकांच्या नजरेत भरली. जिथे छताचा भार लाकडी खांबांवर होता, तिथे भिंती कोसळूनही अनेक ठिकाणी खांब-तुळयांचा सांगाडा उभा होता. लाकूड परवडत नसल्याने छत थेट भिंतींवर टेकवलेल्या घरांत भिंतीमागोमाग छत आले. गावोगाव निष्कर्ष मात्र निघाला तो 'दगड घात करतो' असा. आमच्या मते तो अपुरा होता. त्याच वर्षीच्या आयएस १३८२८ या भारतीय मानकात दगडी भिंतीची जाडी ४५० मिलिमीटरच्या आत ठेवावी आणि आरपार दगड उभ्या दिशेने ६० सेंटिमीटरवर, आडव्या दिशेने १.२ मीटरच्या आत बसवावेत असे सांगितले आहे. यात दगडाला बंदी नाही.

पूर्ण उद्ध्वस्त झालेली ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. घराचे क्षेत्रफळ जमीनधारणेवर ठरले : २५०, ४५० किंवा ७५० चौरस फूट. रुंद, सरळ रस्ते, ओळीने घरे, नकाशा शहरी वसाहतीचा. धक्का सोसण्याचा विचार त्यात झाला. आजी कुठे ऊन खाणार, धान्य कुठे वाळणार, धाकट्याचे लग्न झाल्यावर त्याने खण कुठे वाढवायचा, हा विचार राहिला. तो लोकांनी स्वतः केला. घराभोवतीच्या जागेला त्यांनी कुंपणभिंत घातली, कडेला पत्र्याची पडवी काढली, चूल बाहेर आणली. मधे उरलेल्या मोकळ्या जागेत दुपारी बाजा पडू लागल्या.