झूम लेन्स : सोय आणि तिची किंमत

मंडळी, कळंबला झूम लेन्सवर बोलायचं ठरल्यावर एकानं आम्हाला विचारलं, तत्त्वज्ञानाच्या माणसाचं यात काय काम? काम आहे, कारण प्रश्न पाहण्याचा आहे. शिवाय इथल्या काही तरुणांना आसपासच्या वाड्यांची छायाचित्रं जमवायची आहेत आणि पैसे एकाच लेन्सपुरते आहेत. मग घ्यायची कोणती?

आधी इतिहास पाहू. १९३४ साली प्रभातच्या ‘अमृतमंथन’मध्ये शांतारामबापूंनी टेलिफोटो लेन्स लावून राजगुरू झालेल्या चंद्रमोहनचा डोळा पडदाभर दाखवला. ती लेन्स एकच काम करी. दुसऱ्या दृश्याला दुसरी लावायची. ३५ मिलिमीटरच्या स्थिर कॅमेऱ्यासाठी पहिली झूम १९५९ साली आली, फोक्टलेंडरची झूमार, ३६ ते ८२ मिलिमीटरची. १९६३ साली निकॉनची ४३-८६ आली. ती सुटसुटीत होती, खूप खपली, पण तिच्यात सरळ रेषा वाकत. कारण साधं आहे : एकाच अंतराला काचा बिनचूक जुळवता येतात, अनेक अंतरांना जुळवायच्या तर प्रत्येक ठिकाणी थोडी तडजोड आली. २००५ साली १८-२०० आली. अकरापट पल्ला, वर हात थरथरला तरी चित्र सावरणारी सोय! आमच्या वयाला ती वरदानच वाटली.

आता जमाखर्च मांडू. आपल्या पावसात लेन्स बदलणं म्हणजे कॅमेऱ्यात ओल घेणं. झूमला ती भीती कमी. गडावर चढताना ओझंही एकच. पण अंधाऱ्या घरात ती अडते. लांबच्या टोकाला तिचं तोंड एफ ५.६ पर्यंतच उघडतं. स्वस्तातली ५० मिलिमीटरची एफ १.८ लेन्स जवळजवळ दहापट उजेड आत घेते.

खरा तोटा मात्र वेगळाच आहे. एका जूनमध्ये आम्ही नाक्यावर रस्त्यापलीकडून शेवळं विकणाऱ्या एका ठाकर आजीचा फोटो काढत होतो. तिनं पाहिलं आणि हाक मारली, “तिथून काय काढतोस? इकडं ये ना!” आम्ही ओशाळलो, रस्ता ओलांडून गेलो, शेजारी बसलो. लांबून घेतलेल्या फोटोत माथेरानचा डोंगर तिच्या पाठीशी चिकटलेला दिसतो. जवळून घेतलेल्यात डोंगर लहान झाला आणि तिचे मातीनं माखलेले हात मोठे झाले. बरं का, हा फरक लेन्सनं केला नाही, आमच्या उभं राहण्याच्या जागेनं केला. नुसती झूम फिरवून तो होत नाही. आणि जवळ गेलो म्हणून शेवळं शिजवताना काकडं का घालायची, तेही कळलं.

तेव्हा आमचं मत विचाराल तर झूमच घ्या. एकच परवडते, तर तीच शहाणपणाची. पण माणसाचा फोटो काढताना ती रुंद टोकाला ठेवा आणि आधी चालत जा. विचारा, बसा. तो रस्ता आपल्यालाच ओलांडायचा असतो.