मॉर्मन पंथाचें इतिहासकथन

बहुतेक धर्मांचा उगमकाल इतका दूरचा आहे, कीं तेथें कथा कोठें संपते व इतिहास कोठें सुरू होतो हें सांगणें कठीण जातें. अमेरिकेंतील मॉर्मन पंथाची गोष्ट निराळी आहे. जोसेफ स्मिथ यानें १८३० सालीं न्यूयॉर्क संस्थानांत तो स्थापन केला, तेव्हां छापखाने, वृत्तपत्रें व न्यायकचेऱ्या तेथें नांदत होत्या. त्यामुळें संस्थापकाचीं पत्रें, विरोधकांच्या जबान्या व अनुयायांच्या रोजनिशा शिल्लक राहिल्या. त्यांतील अडचणीचा भाग आपल्याच लोकांस कितपत सांगावा, हा प्रश्न या पंथाच्या धुरीणांस सतत भेडसावीत आला.

सर्वांत दुखरी घटना ११ सप्टेंबर १८५७ ची. दक्षिण यूटामधील माउंटन मेडोज येथें मॉर्मन शिबंदीनें कांहीं इंडियन साथीदारांसह कॅलिफोर्नियाकडे निघालेल्या सुमारें १२० प्रवाशांची कत्तल केली. त्यांत बायकामुलेंही होतीं. १८७७ सालीं जॉन ली या एकट्यास देहान्त शासन झालें. बाकीचा दोष दीर्घकाळ इंडियनांच्या माथीं मारला गेला. स्थानिक मॉर्मन पुढाऱ्यांची जबाबदारी १९५० सालीं वॉनीटा ब्रुक्स यांनीं ग्रंथरूपानें मांडली, आणि त्या स्वतः श्रद्धावान मॉर्मन होत्या. मंडळीच्या ‘एन्साइन’ मासिकांत याचा सविस्तर व स्पष्ट वृत्तान्त आला तो २००७ सालीं, म्हणजे दीडशें वर्षांनीं.

मधल्या काळांत मौनाचें धोरण प्रबळ होतें. स्मिथचें चिकित्सक चरित्र १९४५ सालीं लिहिणाऱ्या फॉन ब्रोडी यांस दुसऱ्याच वर्षीं बहिष्कृत करण्यांत आलें. सत्य असलेली प्रत्येक गोष्ट उपयुक्त असतेच असें नाहीं, असें बॉइड पॅकर या वरिष्ठ धर्माधिकाऱ्यानें १९८१ सालीं धर्मशिक्षकांस बजावलें. ब्रिगहॅम यंग यानें पन्नासांहून अधिक स्त्रियांशीं विवाह केले होते. परंतु त्याच्या शिकवणुकीचें जें अभ्यासपुस्तक मंडळीनें १९९७ सालीं काढलें, त्यांत या बहुपत्नीकत्वाचा उल्लेखही नव्हता.

तथापि सारें दडवून ठेविलें होतें असें म्हणणें अन्यायाचें होईल. ज्या ईजिप्शियन पपायरसांच्या आधारें स्मिथनें ‘अब्राहामाचें पुस्तक’ सिद्ध केलें, त्यांचे तुकडे १९६७ सालीं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाकडून मंडळीस मिळाले. आणि कांहीं महिन्यांतच ‘इम्प्रूव्हमेंट एरा’ या तिच्या मासिकानें त्यांचीं छायाचित्रें छापलीं. टोपींत ठेवलेल्या खड्याकडे पाहून स्मिथ ‘मॉर्मन ग्रंथाचा’ मजकूर सांगत असे, ही साक्षही १९९३ सालीं ‘एन्साइन’मध्यें आली होती. परंतु धर्मवर्गांत दिसणाऱ्या चित्रांत तो सोन्याचे पत्रे समोर ठेवून वाचतांना दाखविलेला असे. गोष्ट छापली गेली, पण शिकविली गेली नाहीं.

२०१३ ते २०१५ या काळांत मंडळीनें आपल्या संकेतस्थळावर अशाच नाजूक विषयांवर निबंध प्रसिद्ध केले. त्यांवर लेखकांचीं नांवें नाहींत. स्मिथच्या पत्नींची संख्या तीस ते चाळीस असावी, त्यांतील एक पंधरा वर्षांचीही पुरी नव्हती, हें त्यांत नमूद आहे. उपलब्ध पपायरसांवरील मजकूर ‘अब्राहामाच्या पुस्तकाशीं’ जुळत नाहीं, हेंही मान्य केलें आहे. काळ्या वर्णाच्या पुरुषांस १९७८ पर्यंत पुरोहितपद नाकारलें जाई; त्याच्या समर्थनार्थ सांगितलेला शापाचा सिद्धान्त मंडळीनें येथें स्पष्टपणें नाकारला. बंदी हीच मुळांत चूक होती, असें म्हणण्यापर्यंत मात्र निबंधाची मजल गेली नाहीं. त्या खड्याचें छायाचित्र २०१५ सालीं छापलें गेलें. स्मिथच्या कागदपत्रांची सत्तावीस खंडांची माला २०२३ सालीं पुरी झाली. विद्वानांच्या कपाटांत राहणाऱ्या या मालेहून, २०१८ ते २०२४ मध्यें निघालेल्या ‘सेंट्स’ या सुबोध चार खंडांचें महत्त्व अधिक. कारण ते सामान्य कुटुंबासाठीं लिहिलेले आहेत.

एखाद्या संस्थेचा मोकळेपणा तिच्या दप्तरखान्यावरून न मोजतां तिच्या मुलांच्या पाठावरून मोजावा. जी गोष्ट लहानपणीं शिक्षकाच्या तोंडून कळते ती इतिहासाचा भाग म्हणून पचते. तीच चाळिसाव्या वर्षीं परक्याच्या पुस्तकांतून कळली, कीं घटनेपेक्षां ती लपविली गेल्याचेंच दुःख अधिक होतें. अनेक मॉर्मन कुटुंबांत श्रद्धा डळमळली ती या दुसऱ्या दुःखानें.