स्टिअरिंग कव्हर

स्टिअरिंग कव्हर म्हणजे मोटारीच्या स्टिअरिंगच्या गोल कड्यावर चढवले जाणारे संरक्षक आवरण होय. तळहातांचा घाम व तेलकटपणा, हातांचे सततचे घर्षण आणि काचेतून येणारे प्रखर ऊन यांमुळे कड्यावरील चामडे किंवा प्लास्टिक कालांतराने गुळगुळीत वा चिकट होते व त्याचे पापुद्रे निघू लागतात. कव्हरमुळे ही झीज मूळ भागाऐवजी सहज बदलता येणाऱ्या वस्तूवर होते.

प्रकार

कव्हर रेक्झिन, चामडे, सिलिकॉन किंवा कापडाचे असते. काही कव्हरे ताणून बसवतात, तर काही कड्यावरच सुईदोऱ्याने शिवतात. घट्ट शिवलेले कव्हर सहसा सरकत नाही.

सुरक्षितता

बहुतेक मोटारींमध्ये स्टिअरिंगचा बाह्य व्यास सुमारे ३६ ते ४० सेंमी असतो. कव्हर मापापेक्षा मोठे असल्यास वळण घेताना ते हाताखाली सरकते आणि स्टिअरिंग अपेक्षेइतके फिरत नाही. चालकाची एअरबॅग स्टिअरिंगच्या मध्यभागातून उघडत असल्याने तो भाग झाकणे धोकादायक असते. झिजलेल्या स्टिअरिंगपेक्षा सैल कव्हर अधिक घातक ठरू शकते. त्यामुळे सैल झालेले कव्हर काढून टाकणे आवश्यक असते.