राष्ट्रकुल आणि सीमाभागातील तरुण

राष्ट्रकुल हा शब्द मराठी वाचकाच्या कानावर बहुधा क्रीडावृत्तांतून पडतो. चार वर्षांतून एकदा पदकांचे तक्ते छापून येतात आणि पुढे तो शब्द विस्मृतीत जातो. परंतु या संघटनेत आज ५६ राष्ट्रे आहेत. त्यांची लोकसंख्या अडीचशे कोटींहून अधिक आहे. आणि त्या लोकसंख्येतील साठ टक्क्यांहून अधिक माणसे तिशीच्या आतील आहेत. एके काळी ज्यांतील बहुतेक देश एकाच साम्राज्याच्या अंमलाखाली होते, त्यांनी स्वतंत्र झाल्यावर एकत्र राहून आपल्या तरुण पिढीला काय दिले, हा प्रश्न पदकांच्या हिशेबाहून निश्चितच मोठा आहे. त्याचे उत्तर लंडनच्या कचेरीतील अहवालांत मिळेल. तथापि आळंदसारख्या सीमेवरील गावातून त्याकडे पाहिले, तर ते अधिक खरे मिळेल.

आळंद हे गुलबर्ग्यापासून, म्हणजे आजच्या कलबुर्गीपासून, सुमारे ४० किलोमीटरवरील तालुक्याचे गाव. लाडले मशायख यांच्या दर्ग्यामुळे ते दूरवर परिचित आहे. तालुक्याच्या एका बाजूस सोलापूर जिल्ह्यातील अक्कलकोट आणि दुसऱ्या बाजूस धाराशिव जिल्ह्यातील उमरगा येतो. कन्नड, मराठी आणि उर्दू या तिन्ही भाषा येथील बाजारात सारख्याच सहजपणे ऐकू येतात. विशेष असे, की आळंद हे ब्रिटिशांच्या थेट अंमलाखाली कधी नव्हतेच. ते निजामाच्या राज्यात होते. सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतर हैदराबाद संस्थान भारतात आले. त्यानंतर अवघ्या सात महिन्यांनी, एप्रिल १९४९ मध्ये, लंडनच्या परिषदेत प्रजासत्ताक भारताने राष्ट्रकुलात राहावे असे ठरले. भारत राजाशी निष्ठा ठेवणार नव्हता. स्वतंत्र राष्ट्रांच्या स्वेच्छेने झालेल्या सहवासाचे प्रतीक एवढ्याच नात्याने त्याने राजाला मान्यता दिली. अशा रीतीने ज्या गावाने इंग्रजांचा कलेक्टर पाहिला नव्हता, ते गावही राष्ट्रकुलाच्या नकाशावर आले.

त्या वेळी आळंदच्या तरुणाची गरज कोणती होती? निजामी राज्यात १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो मोठा प्रयोग होता. परंतु ती भाषा उर्दू होती. घरी मराठी किंवा कन्नड बोलणाऱ्या मुलाला प्राथमिक शाळेच्या पुढे पाऊल टाकताच परक्या माध्यमाचा उंबरठा ओलांडावा लागे. ज्यांच्या घरी थोडी सोय होती, ते सोलापूर-पुण्याची वाट धरीत. शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हिप्परगे येथे १९२१ साली राष्ट्रीय शाळा निघाली आणि पुढे स्वामी रामानंद तीर्थ तेथे शिकवू लागले, ते याच उणिवेच्या जाणिवेतून.

या काळातील एक प्रसंग येथे आठवणे अगत्याचे आहे. १९३८ साली ‘वंदे मातरम्’ म्हटल्याबद्दल उस्मानियाच्या अनेक विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले. हैदराबाद राज्यातील महाविद्यालयांचे दरवाजे त्यांना बंद झाले. तेव्हा नागपूर विद्यापीठाने त्यांना आश्रय दिला. पुढे भारताचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्या विद्यार्थ्यांपैकीच एक होत. एक दार बंद झाले असता तरुणासाठी दुसरे दार उघडे असणे, याहून मोठे साहाय्य कोणतीही संघटना करू शकत नाही. राष्ट्रकुलाच्या कार्याचे मूल्यमापनही याच कसोटीवर करावे लागेल.

राष्ट्रकुलाने असे पहिले मोठे दार उघडले ते १९५९ साली. आदल्या वर्षी माँट्रियल येथील व्यापारविषयक परिषदेत कॅनडाने शिष्यवृत्त्यांची कल्पना मांडली आणि ऑक्सफर्डच्या शिक्षण परिषदेत तिला आकार आला. योजनेचे तत्त्व साधे होते. प्रत्येक देशाने आपल्या ऐपतीप्रमाणे आपल्या विद्यापीठांत इतर सभासद देशांच्या विद्यार्थ्यांना जागा द्यायची आणि त्यांचा खर्च सोसायचा. एकट्या ब्रिटनने आजवर ३० हजारांहून अधिक विद्यार्थ्यांना अशा शिष्यवृत्त्या दिल्या आहेत. भारत येथे केवळ घेणारा राहिला नाही. तो देणाराही झाला. १९६८ साली स्वतंत्र झालेल्या मॉरिशसमध्ये कोकणातून गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज राहतात. तेथील मोका गावी भारताच्या साहाय्याने उभ्या राहिलेल्या महात्मा गांधी संस्थेत मराठी शिकविली जाते आणि तेथील तरुण भारतीय शिष्यवृत्तीवर येथे शिकावयास येतात.

परंतु उघडलेली दारे पुन्हा अरुंदही होतात. १९७९ साली ब्रिटिश सरकारने परदेशी विद्यार्थ्यांकडून शिक्षणाचा संपूर्ण खर्च फीच्या रूपाने घेण्याचे ठरविले. शिष्यवृत्ती नसलेल्या गरीब देशांतील विद्यार्थ्याला ती फी परवडणे शक्य नव्हते. राष्ट्रकुलात यावरून मोठी नाराजी पसरली. त्या नाराजीतून जो विचार पुढे आला तो मात्र विधायक होता. विद्यार्थ्याला विद्यापीठापर्यंत जाता येत नसेल, तर विद्यापीठाने विद्यार्थ्यापर्यंत का जाऊ नये? इतिहासकार एसा ब्रिग्ज यांच्या अध्यक्षतेखालील समितीने या दिशेने अहवाल दिला. १९८७ च्या व्हँकुव्हर परिषदेत त्यावर निर्णय झाला आणि पुढच्याच वर्षी दूरशिक्षणाला वाहिलेली ‘कॉमनवेल्थ ऑफ लर्निंग’ ही संस्था त्याच शहरात सुरू झाली. ही संस्था स्वतः पदव्या देत नाही. पाठ्यसाहित्य कसे तयार करावे, शिक्षकांना त्यासाठी कसे घडवावे, नभोवाणी आणि इतर माध्यमे शिक्षणाच्या कामी कशी लावावीत, याचे साहाय्य ती सभासद देशांना करते. आशियासाठी तिचे माध्यम केंद्र १९९४ पासून दिल्लीत आहे. याच काळात भारतात मुक्त विद्यापीठांची चळवळ फोफावली. १९८५ साली इंदिरा गांधी, १९८९ साली नाशिकचे यशवंतराव चव्हाण आणि १९९६ साली म्हैसूरचे कर्नाटक राज्य मुक्त विद्यापीठ अस्तित्वात आले. शेतीची कामे सांभाळून पदवी घेणाऱ्या सीमाभागातील तरुणाला परदेशी शिष्यवृत्तीपेक्षा हा मार्ग कितीतरी जवळचा आहे.

तिसरा प्रयत्न म्हणजे १९७३ साली संमत झालेला राष्ट्रकुल युवा कार्यक्रम. त्याची प्रादेशिक केंद्रे आशियासाठी चंडीगड येथे आणि त्याखेरीज आफ्रिका, कॅरिबियन व प्रशांत महासागर या विभागांत उघडण्यात आली. तरुणांना थेट मदत वाटण्यापेक्षा तरुणांत काम करणारे कार्यकर्ते शास्त्रशुद्ध रीतीने तयार करणे, हा या कार्यक्रमाचा गाभा होता. शिक्षकाला प्रशिक्षण लागते, परिचारिकेला लागते. मग तरुण मंडळे चालविणाऱ्याला ते का नसावे, हा त्यामागील विचार. त्यासाठी पदविका अभ्यासक्रम तयार झाला आणि अनेक देशांतील विद्यापीठांनी तो चालविला. परंतु कार्यक्रमाचा खर्च सभासद सरकारांच्या ऐच्छिक वर्गणीवर चाले. आणि ऐच्छिक वर्गणी ही सरकारांच्या मर्जीप्रमाणे कमीजास्त होते. २०१४ साली ही प्रादेशिक केंद्रे बंद करण्यात आली व काम लंडनच्या मुख्य कचेरीत एकवटले. चंडीगडही आळंदपासून दूरच होते. लंडन त्याहून दूर गेले. त्याच सुमारास, २०१३ साली, राष्ट्रकुल युवा परिषद स्थापन होऊन तरुणांच्या प्रतिनिधींना स्वतःचे व्यासपीठ मिळाले, हेही नमूद केले पाहिजे.

मराठी मुलुखाने हे राष्ट्रकुल प्रत्यक्ष पाहिले ते ऑक्टोबर २००८ मध्ये. तिसऱ्या राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा पुण्यात बालेवाडीला झाल्या. पहिल्या एडिंबरोला आणि दुसऱ्या ऑस्ट्रेलियातील बेंडिगोला झाल्या होत्या. अठरा वर्षांच्या आतबाहेरचे खेळाडू सत्तरांवर देशांतून आले आणि पदकांच्या तक्त्यात यजमान भारत अग्रभागी राहिला. एका आठवड्याचा हा सोहळा होता. तरीही लहान लहान बेटांवरील मुलांशी बरोबरीच्या नात्याने खेळण्याची संधी आपल्या मुलांना त्यात लाभली.

आता पुन्हा आळंदकडे वळले पाहिजे. १९५६ च्या पुनर्रचनेत हा तालुका म्हैसूर राज्यात गेला. उच्च शिक्षणाचा आधार दूरच्या धारवाडचे कर्नाटक विद्यापीठ होता. गुलबर्गा विद्यापीठ १९८० साली झाले. २००९ साली केंद्रीय विद्यापीठाचा कायदा झाला आणि कर्नाटकाचे केंद्रीय विद्यापीठ आळंद तालुक्यातीलच कडगंची येथे उभे राहिले. पाठोपाठ, या भागातील जनतेने दीर्घकाळ धरलेल्या आग्रहामुळे, २०१२ च्या घटनादुरुस्तीने ३७१ (जे) हे कलम आले आणि येथील तरुणांना शिक्षणात व नोकरीत राखीव जागांची तरतूद झाली. यांतील कोणतीही गोष्ट राष्ट्रकुलाने दिलेली नाही. ती लोकांनी मागितली आणि आपल्या प्रजासत्ताकाने दिली.

असे असले, तरी दोहोंचा संबंध तुटक मानणे बरोबर होणार नाही. राष्ट्रकुलाची शिष्यवृत्ती मुख्यतः पदवीधरासाठी असते. दहावीलाच शाळा सोडणाऱ्या मुलापर्यंत ती पोहोचूच शकत नाही. कडगंचीला पदवी मिळविणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलीला मात्र तिच्यासाठी अर्ज करता येतो. म्हणजे लंडन-व्हँकुव्हरकडे जाणारी वाट गावच्या प्राथमिक शाळेतून निघते. सीमाभागात ही वाट अधिक चढणीची आहे. मराठी घरातील मुलाला मराठीतून कन्नडकडे आणि कन्नडमधून इंग्रजीकडे अशा पायऱ्या चढाव्या लागतात. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असे राज्यघटनेचे ३५० (अ) हे कलम सांगते. ती पहिली पायरी भक्कम नसेल, तर वरच्या पायऱ्या कितीही चांगल्या असल्या तरी त्यांचा उपयोग थोड्यांनाच होईल.

राष्ट्रकुल ही श्रीमंत संघटना नाही आणि तिच्या हाती सत्ताही नाही. तिने शिष्यवृत्त्या दिल्या, दूरशिक्षणाला बळ दिले, युवक कार्यकर्त्यांना प्रतिष्ठा दिली. काही कामे पैशाअभावी आखडतीही घेतली. १९३८ साली नागपूरने जे केले, ते काही अंशी तिने अनेक देशांच्या तरुणांसाठी केले. त्या दारापर्यंत आपल्या मुलांना नेऊन पोहोचविण्याचे काम मात्र तिचे नाही. ते ग्रामपंचायतीचे, शाळेचे आणि राज्य सरकारचे आहे. आणि आळंदपुरते बोलायचे तर सीमेच्या अलीकडील व पलीकडील अशा दोन्ही समाजांचे आहे.