कागदावरचे उतारू

नदीवर पूल झाला की होडीवाला बसला, असे आपण सहज म्हणतो. पण पुलावर टोल लागला आणि होडीवाल्याने भाडे निम्मे केले, तर लोक कोणीकडून जातील? इंग्लिश खाडीखालच्या बोगद्याची सारी कथा या प्रश्नात आहे.

इंग्लंड आणि फ्रान्स यांच्या दोन्ही काठांवर १८८० च्या सुमारास बोगदा खणायला आरंभ झाला होता. बोगद्यातून शत्रूचे सैन्य येईल, या भीतीने १८८२ साली इंग्लंडने काम थांबविले. पुढे १९८६ साली दोन्ही देशांत करार झाला. मात्र सरकारी तिजोरीतून पैसा द्यायचा नाही, असा थॅचरबाईंचा आग्रह होता. मग पैसा कोणी घातला? बँकांनी कर्ज दिले आणि हजारो सामान्य माणसांनी आपली शिल्लक काढून भाग घेतले.

आता कर्ज फिटायचे ते उतारूंच्या भाड्यातून. म्हणून आडाखा बांधला गेला. आज खाडी किती लोक ओलांडतात, पुढे किती वाढतील, त्यांतले किती बोगद्याकडे वळतील आणि सोय झाली म्हणून नवे किती निघतील, असे हे चार हिशेब. एकात चूक झाली की ती पुढच्यात शिरते. आगगाडीने पहिल्याच वर्षी १ कोटी ५९ लाख उतारू जातील, असे ठरले.

६ मे १९९४ रोजी बोगद्याचे उद्घाटन झाले. १९९५ साली प्रत्यक्ष उतारू भरले २९ लाख! खाडीवरची एकूण ये-जा अपेक्षेइतकी वाढली नाही. शिवाय बोटवाले का स्वस्थ बसतील? त्यांनी भाडी उतरविली. पुढे स्वस्त विमानेही आली. इकडे खर्च अंदाजाच्या जवळजवळ पावणेदोन पटीवर गेलेला, आणि व्याज काही थांबत नाही. २००४ साली चिडलेल्या भागधारकांनी संचालकांनाच घरी पाठविले. २००७ साली कर्जाची नवी घडी बसली, पण भागधारकांच्या पदरी फार थोडे उरले.

बोगदा वाईट नव्हे. तो आजही चालतो. २०१३ साली त्या आगगाड्यांनी वर्षाला एक कोटी उतारूंचा टप्पाही ओलांडला. चुकला तो आडाखा, आणि त्याची किंमत मोजली ती विश्वासाने पैसे घालणाऱ्यांनी.

तेव्हा गुरुजी, गणिताच्या तासाला मुलांना एवढे जरूर सांगा: पुलावरून किती माणसे जातील हे मोजताना होडीवाला काय करील, हेही मोजावे. आणि आडाखा सांगणाऱ्याला विचारावे, ‘बाबा रे, हा चुकला तर भुर्दंड कोणाला?’