शिरूरकरांची अचला

आमचं तळेगाव ढमढेरे शिरूर तालुक्यातलं. म्हणून बी.ए.ला असताना लायब्ररीत ‘विभावरी शिरूरकर’ हे नाव दिसताच ‘हिंदोळ्यावर’ उचलली. बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर, यांनी टोपणनावाने लिहिलेली ही १९३४ ची कादंबरी. नवऱ्यापासून दुरावलेली अचला आवडत्या पुरुषाबरोबर लग्नाशिवाय संसार मांडते. मुंबई इलाख्यात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा आला तो १९४७ साली! लेखिकेने खरं नाव का लपवलं, ते यावरून समजावं.

आमच्या घरातही नवऱ्याने टाकलेली आत्या होती. आम्ही सगळे तिच्या हातचं जेवलो; पण “आत्या, तुला काय हवं होतं गं?” असं कोणी विचारलं नाही. मीही नाही. अचला वाचून झाल्यावरसुद्धा नाही.