आगंतुक ओव्या

शके 1506 मध्ये, म्हणजे इसवी सन 1584 साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. ग्रंथाच्या शेवटी जोडलेल्या मोजक्या ओव्यांत ते सांगतात की मूळ ग्रंथ अतिशुद्धच होता, पाठांतरामुळे त्यात अबद्ध शिरले, म्हणून संशोधन करावे लागले. त्यानंतर येतो तो प्रसिद्ध इशारा : जो कोणी आपली ओवी रचून या ग्रंथात घालील, त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असे समजावे. ही ओवी आपण वर्गात नाथांच्या विनयाचा आणि गुरुभक्तीचा नमुना म्हणून शिकवतो. ती त्याहून अधिक काही आहे. सर्वांना मोकळ्या असलेल्या एका सामाईक वाहिनीच्या रखवालदाराने दारावर लावलेली ती पाटी आहे.

हा प्रश्न आजच्या पिढीला दुसऱ्या नावाने परिचित आहे. नोव्हेंबर 1975 मध्ये जॉन पोस्टेल या संगणकतज्ज्ञाने एक छोटे टिपण लिहिले. त्याचा आशय असा, की जाळ्यातल्या यंत्राला नको असलेला निरोप नाकारण्याची सोयच नाही. 1978 च्या मे महिन्यात एका संगणक कंपनीच्या विक्रेत्याने सुमारे चारशे जणांना एकाच वेळी जाहिरात धाडली. 1994 मध्ये अमेरिकेतल्या एका वकील दांपत्याने ग्रीन कार्डाच्या सोडतीची जाहिरात हजारो चर्चागटांत ओतली. डबाबंद मांसाचे ‘स्पॅम’ हे नाव या उपद्रवाला चिकटले ते एका ब्रिटिश विनोदी प्रहसनातून. त्यात तो एकच शब्द इतक्यांदा येतो की बाकीचे बोलणे ऐकूच येत नाही. ज्या सामुदायिक टपालयादीवर कोणालाही लिहिता येते, तिच्यावर असे निरोप येणारच. पाठवणाऱ्याला खर्च जवळजवळ शून्य, निवडण्याचे कष्ट मात्र वाचणाऱ्याच्या माथी.

पोथीच्या काळी हा हिशेब उलटा असायला हवा होता. कागद, शाई, बोरू, महिनोन्‌महिन्यांची बैठक. फुकट असे काहीच नव्हते. मग क्षेपके इतकी कशी वाढली? याचे उत्तर नाथांनीच एका शब्दात देऊन ठेवले आहे : पाठांतर. पोथी महाग होती, पण जीभ स्वस्त होती. कीर्तनात, भजनात, दळताना, वारीच्या वाटेवर ओवी आणि अभंग तोंडातोंडी फिरत. तिथे कोणी एक चरण जोडला, एखादा दृष्टांत घातला, तर त्याला कोण अडवणार? पुढचा लेखकू तोच ऐकीव पाठ पोथीत उतरवून घेई. आणि हा जोडणारा बहुतेक वेळा लबाड नसे, तो भक्त असे. स्पॅमशी असलेले साम्य इथे तुटते, आणि मला वाटते आपल्या अभ्यासकांचे खरे अवघडलेपणही इथेच सुरू होते.

नामदेवांच्या गाथेचे उदाहरण पाहावे. नामदेवांनंतर कितीतरी काळाने विष्णुदास नामा नावाचा कवी झाला. त्याचे अभंग थोरल्या नामदेवांच्या गाथेत मिसळले, आणि ‘नामा’ ही मुद्रा धारण करणारे इतरही त्यात आले. पाठवणाऱ्याचे नाव निरोपातच लिहिलेले, पण ते खरे की खोटे हे तपासण्याचे साधन नाही, अशी ही अवस्था. ‘तुका म्हणे’ हे शब्दही कोणालाही वापरता येतात. उलट बाजूने सालोमालो आहेच. तुकोबांच्या अभंगांत त्याचा उल्लेख येतो, आणि परंपरा सांगते की तो तुकोबांचे अभंग घेऊन त्यांवर स्वतःचे नाव घाली. शंकर पांडुरंग पंडित आणि विष्णु परशुराम पंडित यांनी सरकारी साहाय्याने 1869 आणि 1873 मध्ये तुकारामगाथा दोन भागांत छापली. त्यांच्यासमोर देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर येथल्या निरनिराळ्या परंपरांच्या वह्या होत्या, आणि त्या एकमेकींशी जुळत नव्हत्या.

दार बंद करण्याचा प्रयोगही याच मुलखात झाला. महानुभावांनी चौदाव्या शतकापासून आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांनी सकळ लिपी उलगडेपर्यंत पंथाबाहेरच्या मराठी वाचकाला या गद्याचा पत्ताच नव्हता. पावित्र्य राखणे, परक्या हातांपासून ग्रंथ वाचवणे, अशी कारणे त्यामागे सांगितली जातात. पण बंद दाराआडही लीळाचरित्राचे अनेक पाठ तयार झालेच. मूळ प्रत धामधुमीत नाहीशी झाल्यावर स्मरणातून ती पुन्हा उभी करावी लागली, आणि प्रत्येकाचे स्मरण वेगळे. आगंतुक बाहेरूनच येतो हा समज त्यामुळे टिकत नाही. किंमत मात्र मोठी मोजावी लागली : मराठीतले आद्य गद्य काही शतके मराठीलाच वाचता आले नाही.

आमच्या परळी तालुक्यातल्या सिरसाळ्याहून अंबाजोगाई जवळ. तिथे दासोपंतांची पासोडी आहे, सुमारे चाळीस फूट लांबीच्या कापडावर लिहिलेली. तिच्यात मागाहून कोणी ओवी घुसडली तर ती डोळ्यांना दिसेल. पण पासोडी गावोगाव फिरली नाही. फिरली ती ज्ञानेश्वरी.

म्हणून उरतो नाथांचाच मार्ग : दार उघडे ठेवायचे आणि आत आलेले निवडायचे. या मार्गाविषयी माझी एकच तक्रार आहे, आणि ती नाथांविषयीच्या आदराला बाधा न आणता मांडता येईल अशी आशा आहे. काय काढले आणि का काढले, हे त्यांनी नोंदवून ठेवले नाही. सोळाव्या शतकात तशी अपेक्षा करणे अन्यायाचे हे खरे. पण परिणाम व्हायचा तो झाला. नाथांच्या चाळणीतून काय गळाले ते आपल्याला कळत नाही. त्यात निव्वळ कचरा होता, की एखादा जुना, अपरिचित झालेला खरा पाठही होता?

पुण्याच्या भांडारकर संस्थेने 1919 ते 1966 या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा 1,259 हस्तलिखिते विचारात घेतली गेली. विष्णु सीताराम सुखठणकरांच्या पद्धतीत संहितेबाहेर ठेवलेला श्लोक नष्ट होत नाही. तो पानाच्या तळाशी किंवा परिशिष्टात, कोणत्या प्रतीत आहे त्या खुणेसह उभा राहतो. गणपती व्यासांचा लेखक झाला ही घराघरांतली कथाही अशीच परिशिष्टात गेली. ज्याला चाळणी मान्य नाही, त्याने तळटीप उघडून स्वतः निवाडा करावा. टपालाची गाळणी लिहिणाऱ्यांनाही पुढे हेच सुचले. 2002 मध्ये पॉल ग्रॅहम यांनी शब्दांच्या संभाव्यतेवर चालणारी गाळणी सुचवली, तेव्हा त्यांचा भर यावर होता की चार नकोसे निरोप आत आले तरी चालतील, पण एकही खरे पत्र हरवता कामा नये. संशयित पत्रे वेगळ्या कप्प्यात ठेवायची आणि तो कप्पा वाचकाला उघडता यायचा, ही सोय आता सर्वत्र आहे. तो कप्पा म्हणजे सुखठणकरांची तळटीपच.

आपल्या संतसाहित्याच्या बहुतेक लोकप्रिय आवृत्त्यांत हा कप्पा नाही. ‘प्रक्षिप्त’ म्हणून अभंग वगळला की तो वगळला. जनाबाईच्या नावावर पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी जात्यावर जे जोडले असेल, त्याला जनीच्या मुद्रेखेरीज दुसरी जागा कुठे होती? ते जनीचे नव्हे हे ठरवणे संपादकाचे काम आहे. ते कुठे गेले हे सांगणेही त्याचेच काम आहे. वर्गात विद्यार्थी विचारतात, ‘हा अभंग मग कोणाचा?’ या प्रश्नाला उत्तर देण्याजोगी सामग्री त्यांच्या हातातल्या पुस्तकात नसते.

नाथांच्या चाळणीच्या पलीकडे जाण्याचा दावा केला तो राजवाड्यांनी. बीडच्या पाटांगणातून मिळालेली पोथी एकनाथपूर्व आहे असे म्हणून त्यांनी 1909 मध्ये तिच्यावरून ज्ञानेश्वरी छापली. अनेक अभ्यासकांनी पोथीच्या प्राचीनतेविषयी शंका घेतली. 1960 मध्ये शासनाने राजवाडे संहितेची आवृत्ती काढली. ती ग्रंथालयांतून मिळते, वाद घालायलाही उपयोगी पडते. पण जिच्यावरून वाद मिटला असता, ती मूळ पोथी आज उपलब्ध नाही.